नगरपालिकेतील जोतीराव : सार्वजनिक पैशाचा हिशेब

जोतीराव फुले यांच्या जीवनाचा आलेख मांडताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे १८४८ ची मुलींची शाळा, १८७३ चे ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षी स्थापन झालेला सत्यशोधक समाज यांवर केंद्रित होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट चरित्रग्रंथांतून नोंदवली जाते. परंतु तिला बहुधा दोन-तीन परिच्छेदांपलीकडे जागा मिळत नाही. साहित्याच्या अभ्यासात तर तिचा उल्लेखही क्वचितच होतो. वस्तुतः ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या दोन ग्रंथांच्या मधल्या दशकात ही सहा वर्षे येतात. पहिल्या ग्रंथात दास्याची मीमांसा मुख्यतः पुराणकथांच्या पुनर्वाचनातून होते, तर दुसऱ्यात ती सरकारी महसूल, कर, पगार आणि खर्च यांच्या अंगाने होते. या बदलामागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी सभागृहातील अनुभव हे एक कारण कसे ठरते, हे जोतीरावांच्या जीवनक्रमाच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दक्षिणेचा प्रश्न

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. कुटुंबाचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव यांचा फुला-भाजीचा व्यवसाय होता. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी विवाह झाला, आणि १८४१ ते १८४७ या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण झाले. पुढील वर्षीच बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्च व्हावा, या वादाशी त्यांचा पहिला संबंध आला तो मराठी ग्रंथांच्या निमित्ताने, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी राज्यातही तो निधी काही प्रमाणात चालू राहिला. या निधीचा काही भाग मराठी भाषेतील उपयुक्त ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळवावा, अशी मागणी १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारक तरुणांनी केली. सनातनी मंडळींनी तिला कडवा विरोध केला. या प्रसंगी जोतीरावांनी आपल्या बाजूच्या लोकांना जमवून सुधारकांना संरक्षण दिल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी सांगितले आहे.

पुढे १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले, तेव्हा ते स्वीकारले गेले नाही. ज्या निधीचे दार उघडावे म्हणून ते उभे राहिले होते, त्याच निधीने त्यांच्या पहिल्या साहित्यकृतीला आश्रय नाकारला. त्यांच्या शाळांना मात्र याच निधीतून काही मासिक साहाय्य मिळाले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. सार्वजनिक निधी हा कोणा एका वर्गाचा वारसा नाही, तरी त्याचे वाटप करणारे हात कोणाचे आहेत यावर त्याचा लाभ कोणाला मिळणार हे ठरते, हा धडा त्यांना वयाच्या तिशीपूर्वीच मिळालेला होता.

२. कंत्राटदार आणि ग्रंथकार

जोतीराव हे सरकारी खर्चाकडे बाहेरून पाहणारे टीकाकार नव्हते. उपजीविकेसाठी त्यांनी बांधकामाच्या कंत्राटांचा आणि साहित्य पुरविण्याचा व्यवसाय केला. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याची पाटबंधाऱ्याची कामे यांच्याशी त्यांचा या नात्याने संबंध आला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. दगड, चुना, मजुरी यांचा भाव काय असतो, मोजमाप कसे होते, बिल कोणाच्या सहीने पुढे सरकते आणि मजुराच्या हाती शेवटी काय पडते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘गुलामगिरी’मध्ये इंजिनीयर खात्यातील कारभारावर त्यांनी केलेली टीका या अनुभवातून आलेली आहे. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून रचलेल्या या ग्रंथाच्या पूर्वार्धात अवतारकथांची चिकित्सा आहे, तर उत्तरार्धात कुळकर्णी, मामलेदार कचेरी, न्यायखाते व इंजिनीयर खाते यांकडे लेखकाची दृष्टी वळते. म्हणजेच ‘असूड’मध्ये विस्ताराने येणाऱ्या विचाराचे बीज येथेच आहे. त्याला अंकुर फुटण्यास पुढील वर्षांतील घटना कारणीभूत झाल्या.

त्या घटना लहान नव्हत्या. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. १८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला आणि १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी मदतीचे आवाहन केले. १८७७ च्या आरंभी कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले. याच काळात सरकारने जोतीरावांना पुणे नगरपालिकेवर नेमले.

३. नेमलेला सभासद

१८५७ च्या सुमारास स्थापन झालेल्या पुणे नगरपालिकेत त्या काळी लोकनियुक्त सभासद नव्हते. सरकार ज्यांना नेमील ते सभासद आणि सरकारी अधिकारी यांच्या हाती कारभार असे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८८२ चा, आणि मुंबई इलाख्यातील जिल्हा नगरपालिकांचा नवा कायदा १८८४ चा. जोतीरावांची कारकीर्द त्यापूर्वीची आहे. त्यांच्या स्थानाचे वैशिष्ट्य, आणि अवघडपणाही, येथेच आहे. ज्या सरकारने त्यांना नेमले, त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांनी मांडलेल्या खर्चाला मंजुरी देणे हे त्यांच्याकडून अपेक्षित होते. मतदारांचा आधार नव्हता, पक्ष नव्हता, सहकाऱ्यांत समविचारी थोडे. अशा सभासदाने प्रश्न विचारायचे ते कोणाच्या बळावर?

जोतीरावांनी या प्रश्नाचे उत्तर कर देणाऱ्याच्या नावाने दिले. नगरपालिकेचा पैसा हा सरकारचा नव्हे आणि सभासदांचाही नव्हे. तो शहरात राहणाऱ्या व शहरात माल आणणाऱ्या सर्वांचा आहे, या भूमिकेवरून ते बोलत. पाणी, आरोग्य आणि शिक्षण या तीन बाबी त्यांच्या दृष्टीने नागरी खर्चात अग्रक्रमाच्या होत्या. १८६८ मध्ये त्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. सार्वजनिक सोय कोणाला उपलब्ध आहे हा प्रश्न त्यांनी नगरपालिकेत जाण्यापूर्वी आठ वर्षे स्वतःच्या दारात सोडविला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या सभागृहातील वर्तनाची संगती लागते.

४. तीन प्रसंग

या कारकीर्दीतील व तिच्या अखेरीचे तीन प्रसंग विशेष विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग दारूच्या दुकानांचा. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाचे कार्यकारी अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. शहरात पूर्वी दारूची दुकाने थोडी होती. आता ती वाढत आहेत आणि त्यामुळे लोकांच्या नीतीचे व आरोग्याचे नुकसान होऊन कुटुंबे उद्ध्वस्त होत आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. या पत्रातील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. मद्यपानाविरुद्ध नैतिक उपदेश त्या काळात अनेकांनी केला. जोतीरावांनी त्याला नगरपालिकेच्या जमाखर्चाची जोड दिली. नागरिकांच्या आरोग्याची देखरेख करण्यासाठी नगरपालिका एक खाते पोसते व त्यावर पैसा खर्च करते. त्याच शहरात आरोग्य बिघडविणारी दुकाने वाढू दिली जातात. म्हणजे एका हाताने केलेला खर्च दुसऱ्या हाताने निष्फळ होतो. ही हानी किती आहे याची चौकशी मंडळाने करावी, असे त्यांचे मागणे होते. अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याची ही पद्धत आजही अनुकरणीय वाटेल. तीत आरोपापेक्षा विसंगती दाखविण्यावर भर आहे, आणि उत्तर देणे अधिकाऱ्याला टाळता येऊ नये अशी तिची मांडणी आहे.

दुसरा प्रसंग व्हाइसरॉयच्या स्वागताचा. पुण्यास येणाऱ्या गव्हर्नर जनरलला मानपत्र देण्यासाठी व स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी सभेपुढे मांडला. ही रक्कम शहरातील गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, अशी सूचना जोतीरावांनी केली. प्रस्ताव मताला टाकला गेला तेव्हा बत्तीस नेमलेल्या सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले, असे चरित्रग्रंथांत नमूद आहे. या प्रसंगाची तारीख ३० नोव्हेंबर १८८० अशी दिली जाते आणि पाहुण्याचे नाव लॉर्ड लिटन असे सांगितले जाते. अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. लिटन यांनी जून १८८० मध्येच पद सोडले होते व लॉर्ड रिपन त्यांच्या जागी आले होते. त्यामुळे ही तारीख आणि हे नाव दोन्ही एकाच वेळी ग्राह्य धरता येत नाहीत. १८७८ च्या देशी भाषांतील वृत्तपत्रांवरील निर्बंधामुळे लिटन मराठी पत्रांत अप्रिय होते, आणि जोतीरावांच्या विरोधाचे स्पष्टीकरण पुष्कळदा त्या कायद्याच्या आधारे दिले जाते. परंतु त्यांच्या सूचनेचा आशय पाहता, पाहुणा कोण होता यावर तिचे महत्त्व अवलंबून नाही. समारंभाचा खर्च आणि शिक्षणाचा खर्च यांना त्यांनी एकाच ताजव्यात घातले, हा त्यातील मुद्दा आहे. उदार व्हाइसरॉयच्या बाबतीतही तो तितकाच लागू पडला असता.

तिसरा प्रसंग मंडईचा. पुण्याचा भाजीबाजार त्या काळी शनिवारवाड्यापुढील मोकळ्या जागेत भरत असे. त्याच्या जागी लाखो रुपये खर्चाची भव्य इमारत उभारण्याची योजना नगरपालिकेपुढे आली. जोतीरावांनी व त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी तिला विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. येथे त्यांचा विरोध बहुमतापुढे टिकला नाही. १८८६ मध्ये मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले.

मंडईच्या विरोधाचे मूल्यमापन मात्र एकतर्फी होऊ नये. वाढत्या शहराला छपराखालचा, स्वच्छ व व्यवस्थित बाजार आवश्यक होता, आणि ती वास्तू शतकाहून अधिक काळ पुण्याच्या उपयोगी पडली, हे नाकारता येत नाही. नागरी नियोजनाच्या दृष्टीने जोतीरावांचे म्हणणे अपुरे होते, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला आधार आहे. परंतु ते स्वतः माळी कुटुंबातले, भाजीच्या व्यापाराशी परिचित, आणि बांधकामाच्या खर्चाचे जाणकार होते. बाजाराच्या उपयोगाविषयी ते अनभिज्ञ होते असे म्हणता येणार नाही. इमारत भव्य असावी की शाळा पुरेशा असाव्यात, या अग्रक्रमाविषयी त्यांचा प्रश्न होता. मंडई बांधून भाजी विकणाऱ्याची सोय होईल. त्याचा मुलगा मात्र निरक्षर राहिला तर दलालाचा हिशेब त्याला कधीच कळणार नाही, ही त्यामागची जाणीव त्यांच्या पुढील लेखनातून स्पष्ट होते.

५. निवेदन आणि असूड

नगरपालिकेतील कारकीर्द संपण्याच्या सुमारास, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाला होतो. म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे अधिक पैसा वळवावा आणि विशिष्ट वयापर्यंत ते सक्तीचे करावे, हा या निवेदनाचा गाभा आहे. लोकल फंडाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणास द्यावा, अशी सूचना त्यांनी केली. मात्र या निधीचे नियंत्रण स्थानिक समित्यांकडे देण्यास ते अनुकूल नव्हते. पाटील, इनामदार, सरदार अशा अशिक्षित सभासदांना पैशाच्या विनियोगावर जाणतेपणाने लक्ष ठेवता येणार नाही, असे त्यांचे मत होते. स्थानिक स्वराज्याचा सर्वत्र गौरव होत असताना नगरपालिकेच्या एका अनुभवी सभासदाने व्यक्त केलेले हे मत विचार करायला लावणारे आहे. लोकांचे नाव घेणारी प्रत्येक संस्था लोकांची असतेच असे नाही, हा निष्कर्ष त्यांनी सभागृहात बसून काढलेला दिसतो.

पुढील वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. पाच प्रकरणांच्या या ग्रंथापैकी पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापली गेली आणि पुढील छपाई नारायण मेघाजी लोखंडे यांनी थांबविली, हा इतिहास परिचित आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या ग्रंथाची हिशेबी बैठक. सरकारी कामगारांचे पगार व पेन्शने, लोकल फंड, मिठावरील कर, टोल, पाटाच्या पाण्याची पट्टी अशा एकेका बाबीची शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी गाठ घालून जोतीराव राज्यव्यवस्थेचा ताळेबंद मांडतात. गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याची कमाई म्युनिसिपालिटीची जकात, दलाल आणि गाडीभाडे यांत कशी संपते, याचे वर्णन या ग्रंथात येते. ज्या नगरपालिकेत लेखक स्वतः बसला होता, तिच्याकडे तो येथे नाक्याबाहेर थांबलेल्या गाडीवानाच्या नजरेने पाहतो. सभासदाने मिळविलेली माहिती आणि शेतकऱ्याने भोगलेला अनुभव यांचा असा संयोग एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात दुर्मीळ आहे.

दोष दाखवून ते थांबत नाहीत. पलटणीतील व पोलिसांतील फावल्या मनुष्यबळाकडून ताली व बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, पाटाचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याला तोटीने मोजून द्यावे, अशा त्यांच्या सूचना आहेत. खर्चाला विरोध करणारा सभासद म्हणून त्यांची एक प्रतिमा झाली असेल तर ती या ग्रंथाने दुरुस्त होते. सरकारने कमी खर्च करावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्याच्या घामातून तिजोरी भरते त्याच्या शेतापर्यंत व त्याच्या मुलापर्यंत तो खर्च पोहोचावा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

भाषेच्या दृष्टीनेही या अनुभवाची खूण उमटली आहे. म्युनिसिपालिटी, लोकल फंड, इंजिनीयर, टोल हे कचेरीतील शब्द जोतीरावांच्या गद्यात नांगर, माळवे, घोंगडी या शब्दांच्या शेजारी येऊन बसतात. लांबलचक वाक्य एकेका करानंतर दुसरा कर, एकेका अधिकाऱ्यानंतर दुसरा अधिकारी असे गोळा करीत जाते, आणि अखेरीस शेतकऱ्याच्या रिकाम्या हातांशी येऊन थांबते. तत्कालीन समीक्षेने या गद्याला ओबडधोबड ठरविले. हिशेबाची वही वाचायला बसलेल्या माणसाच्या वाक्यरचनेशी त्याची तुलना केली, तर त्यातील शिस्त लक्षात येते. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेत सामील होण्यास त्यांनी दिलेला नकारही याच वृत्तीचा आहे. ज्यांच्या नावाने सभा भरते त्यांना तीत जागा आहे काय, असे त्यांचे तेथेही विचारणे होते.

६. अखेर

१८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी भरविलेल्या समारंभाला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि राणीची खरी प्रजा त्या थाटामाटात नसून खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्राला सांगितले. नगरपालिकेत एका मताने नोंदविलेला विरोध त्यांनी येथे वेशाने नोंदविला. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली, आणि काही आठवड्यांतच पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. ते १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह घरामागे पुरावा अशी त्यांची इच्छा होती; परंतु वस्तीच्या जागेत दफन करण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. ज्या संस्थेत त्यांनी सहा वर्षे नियम व खर्च यांविषयी प्रश्न विचारले, तिच्याच नियमापुढे त्यांची अंतिम इच्छा थांबली. १९३८ मध्ये, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हा विरोधाभास सांगून अनेक लेखक थांबतात. त्यातून थोडे पुढे गेले पाहिजे. नाव देण्याने स्मृती राहते. विचारलेला प्रश्न मात्र उत्तर मिळेपर्यंत शिल्लकच राहतो. एका मताने जोतीरावांनी एकही प्रस्ताव बदलला नाही, आणि निव्वळ यशाच्या मापाने पाहिले तर त्यांची नगरपालिकेतील कारकीर्द पराभवाचीच म्हणावी लागेल. परंतु सभागृहात नामंजूर झालेला युक्तिवाद पुढे हंटर आयोगाच्या निवेदनात आला, आणि निवेदनातून ‘असूड’मध्ये उतरून मराठी गद्याचा भाग झाला. ‘असूड’चे अध्यापन करताना त्याच्या पाठीशी असलेल्या या सहा वर्षांचा परिचय विद्यार्थ्यांना करून दिला, तर त्यातील आकडे, करांची नावे आणि अधिकाऱ्यांच्या याद्या केवळ संतापाच्या भरात आलेल्या नाहीत हे त्यांच्या ध्यानी येईल. जमाखर्चाची पाने उलटून पाहिलेल्या, विचारणा केलेल्या आणि एकटे पडूनही मत नोंदविलेल्या सभासदाचे ते लेखन आहे.